वळणाची खूण

एकोणनव्वद साल असावं. संक्रांतीच्या आधीचा रविवार.
पाटबंधारे कॉलनीच्या नोटीस बोर्डावर
कोळेश्वरकर साहेबांच्या तिरक्या अक्षरात:
नाथसागरावर विंडसर्फिंग स्पर्धा. प्रवेश सर्वांना.

म्हणजे काय, ते पैठणात कुणालाच माहीत नव्हतं.
वडील म्हणाले, इस्त्रीच्या टेबलावर उभं राहायचं,
हातात चादर धरायची,
वारा नेईल तिकडं जायचं.
मला ते एकदम पटलं.

मुंबईहून दोघं आले, जीपच्या टपावर
पांढऱ्या फळ्या, बोटानं वाजवल्या तर आत पोकळ.
आमच्याकडून वर्कशॉपचा फिटर ग्यानोबा.
त्यानं गोडाऊनचं एक दार काढलं होतं
आणि खाली तेलाचे दोन रिकामे डबे बांधले होते.
शीड गफूर टेलरचं, मंडपाच्या कापडाचं,
कडेची झालर तशीच ठेवलेली.
काढली तर उसवंल, म्हणाला.

वळायचं होतं जुन्या बोरगव्हाणच्या देवळाला,
म्हणजे पाण्यावर हातभर आलेल्या कळसाला.
धरण त्या साली निम्मंच भरलेलं.
बरं झालं, साहेब म्हणाले, बोया विकत आणायला नको.

मी अकरा वर्षांची. गळ्यात शिट्टी.
केरबा लिंबोरेच्या होडीत पुढं बसलेले,
बुडणाऱ्याला काढायला.
ग्यानोबा बारा वेळा पडला, मी मोजलं.
तेराव्यांदा उभा राहिला
आणि झालर फडफडायला लागली,
अख्खं वऱ्हाड पाण्यावरून निघाल्यासारखी.
काठावरच्या बायका ओरडल्या,
ग्यानबा, नवरी कुठाय रे?

मग वारा पडला.
कळसाच्या अलीकडंच, एकदम,
कुणी पंख्याचं बटण बंद करावं तसा.
सगळे जिथल्या तिथं.
मुंबईचे दोघं फळीवर बसले, पाय पाण्यात सोडून.
त्यांतला एक ग्यानोबाला शीड कसं झुकवायचं ते शिकवायला लागला,
वाराच नसताना.
केरबानं धोतराच्या सोग्यातून बोरं काढली
आणि होडी फिरवत फिरवत सगळ्यांना वाटली.

माझ्याकडं वळून म्हणाला,
काय बघायलीस खाली?
हितं आमची पिठाची गिरणी व्हती.
पट्टा तुटला की समदं गाव उपाशी.
मी विचारलं, मग आता मासे पीठ खातात का?
तो हसला. सगळे हसले.
तो जरा जास्त वेळ हसला,
मग ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.
मला वाटलं, ऊन लागलं असेल.

शर्यत काही झाली नाही.
संध्याकाळी सगळे हातांनी पाणी मारत काठाला आले.
साहेबांनी तिन्ही मेडल कुणाकुणाला दिली
ते मला आठवत नाही, त्यांनाही आठवायचं नाही.
दार सोमवारी परत गोडाऊनला बसवलं.
त्यावर ग्यानोबाच्या ओल्या पावलांचे डाग
मी कॉलनी सोडेपर्यंत होते.

पुढच्या वर्षी स्पर्धा भरली नाही. नंतर कधीच नाही.
हळूहळू पाण्याचा आकडा झाला.
सकाळच्या बातम्यांत, सोन्याच्या भावाच्या आधी,
इतके टक्के, इतके टीएमसी,
वरच्यांनी सोडलं, वरच्यांनी अडवलं.
भिंतीच्या तोंडाशी बंदूकवाला शिपाई,
नाव लिहा, काम काय लिहा.
काम काय लिहू?

वडील फोनवर म्हणतात, किती भोळा काळ होता गं.
असेल.
त्याची खोली किती होती
ते एकट्या केरबाच्या वल्ह्याला लागत होतं.

सोळा साली धरण तळाला गेलं तेव्हा मी गेले होते.
देऊळ अख्खं उभं, गाळात पायऱ्यांपर्यंत.
लोक चपला काढून फोटो काढत होते.
त्याच्या उजव्या अंगाला, तीस पावलांवर,
भेगाळलेल्या चिखलात एक दगड सापडला,
गोल, मधोमध भोक पडलेला.
मी भोकात हात घातला, कोपरापर्यंत.
आत वाळू होती, गार.

वारा मात्र त्या दिवशी भरपूर होता.
ओढणी सावरता सावरत नव्हती.
आणि तेव्हा आठवलं,
सुरुवातीची शिट्टी मी वाजवली होती,
शेवटची राहूनच गेली.